कानात बटण नसलेल्या हत्तीस

प्रिय एलेफेंट्ले,

तुझ्या गावच्या बोलीत नावाच्या शेपटाला ‘ले’ जोडलं की वस्तू लहानही होते आणि लाडकीही. म्हणजे तू हत्ती नव्हेस, हत्तुला. हे मला माझ्या लेकीने सांगितलं. ती स्टुटगार्टला असते. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत म्हणे, पण ते नातं कागदावरचं. खरी सोयरीक जुळवली ती आमच्या इंजिनियर पोरांनी, सामानात भाजणीची पाकिटं कोंबकोंबून. गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले तेव्हा तिने विचारलं, “आई, काय बघायचंय? ब्लॅक फॉरेस्ट की ऱ्हाइनवरचे किल्ले?” मी म्हटलं, “गिंगेन.” तिने ते नाव कधी ऐकलंच नव्हतं. सहा वर्षं तिथे राहून!

मला ते ठाऊक होतं, कारण माझी आई.

आई मिरजेत चाळीस वर्षं ब्लाउज शिवायची. मशीनच्या डाव्या अंगाला तिची सुयांची उशी ठेवलेली असे. लाल मखमलीची, आत विंचरताना निघालेले केस भरलेले. केसांना तेल असतं, सुया गंजत नाहीत, हे तिचं शास्त्र. मी सात वर्षांची असताना भोंडल्याच्या दिवसांत तिने मला एक हत्ती शिवून दिला. पाटावर रांगोळीने काढलेला हत्ती खिरापत वाटून झाली की पुसून टाकतात, त्यावरून मी मोठं भोकाड पसरलं होतं. दादाच्या खाकी चड्डीच्या कापडातला हत्ती, डोळ्यांना ब्लाउजची काळी हुकं. एक कान लहान, कारण चिंधी तेवढीच उरली होती.

पुढे कधीतरी मी मासिकात एका पांगळ्या जर्मन शिवणकाम करणाऱ्या बाईविषयी वाचलं आणि आईला वाचून दाखवलं. हत्ती, कारखाना, श्रीमंती यातलं काही तिच्या कानात शिरलं नाही. ती एकाच वाक्यावर थांबली. त्या बाईचा उजवा हात धड चालत नव्हता, म्हणून तिने शिवणयंत्र उलटं फिरवून घेतलं आणि चाक डाव्या हाताने फिरवलं. आईने वाटीतला चहा तसाच ठेवला, हातमशीन पुढे ओढलं, त्याच्या पाठीमागे जाऊन बसली आणि डाव्या हाताने चाक फिरवत एक शिवण घातली. मग म्हणाली, “कापड पुढे जायच्या ऐवजी आपल्याच अंगावर येतं की गं. बाई हुशार असणार.”

ती बाई म्हणजे तुझी आई, मार्गारेटे श्टाइफ. जन्म २४ जुलै १८४७, ब्रेन्त्स नदीकाठच्या गिंगेनमध्ये. बाप बांधकामाचा कारागीर. पोर दीड वर्षाची असताना ताप आला, तो पोलिओचा. दोन्ही पाय गेले, उजवा हात उचलला की दुखायचा. तरी तिने शिवणाचं शिक्षण पुरं केलं, बहिणींबरोबर गावातल्या बायकांचे कपडे शिवू लागली, वर झिथर हे तंतुवाद्य वाजवायला शिकून त्याच्या शिकवण्याही घेतल्या. वडिलांनी घराचा एक भाग तिला शिवणाच्या खोलीसाठी करून दिला. बाप घर बदलतो आणि मुलगी मशीन उलटं फिरवते, यात मला सहानुभूतीचा कुठे वास येत नाही. सगळा कामाचा मामला.

आता तुझ्या जन्माला गिंगेनच का लागलं, ते सांगते. तुला कदाचित माहीतही नसेल. गावात नमद्याचा कारखाना होता, हेनले घराण्याचा. (याच घरची सून लीना हेनले हिने १८९९ मध्ये पक्ष्यांच्या रक्षणासाठी संघ काढला. एवढ्याशा गावाने प्राण्यापक्ष्यांचं बरंच केलं म्हणायचं.) नमदा म्हणजे विणलेलं कापड नव्हे. लोकर गरम पाण्यात दाबून, घुसळून तिचे तंतू एकमेकांत असे अडकवायचे की उभा धागा नाही, आडवा धागा नाही. त्यामुळे कसंही कापा, कडेला सूत निघत नाही. शिवणारणीला याचा अर्थ लगेच कळतो: कड दुमडायला नको, आतून शिवून उलटवायला नको. हत्तीची सोंड ही बोटाएवढी बारीक नळी असते. साध्या सुती कापडाची ती शिवून उलटवायला गेलात तर नाकी नऊ येतात. माझ्या खाकी हत्तीची सोंड आईने म्हणूनच आखूड ठेवली होती. मी तेव्हा त्याला डुक्कर म्हटलं होतं आणि पाठीत धपाटा खाल्ला होता.

मार्गारेटेने १८७७ मध्ये नमद्याच्या कपड्यांचं दुकान काढलं. परकर, लहान मुलांचे डगले. त्याच्या कपट्यांतून तू आलास. ८ डिसेंबर १८७९ च्या ‘डी मोडेनवेल्ट’ या फॅशनच्या मासिकात कापडी हत्तीचा एक नमुना छापून आला होता. तिने तो घेतला आणि टाचण्या खोचायची उशी म्हणून तुला शिवलं. तू काही तिच्या डोक्यातून एकदम प्रकट झालेला नाहीस. छापील नमुना, घरातले कपटे, नाताळात नातेवाइकांना द्यायची लहानसहान भेट. म्हणून तर मला तू जवळचा वाटतोस. आमच्याकडे मासिकातला स्वेटरचा नमुना बघून निम्म्या महाराष्ट्राने एकसारखे स्वेटर घातले आहेत.

पुढचं काम पोरांनी केलं. बायकांना दिलेली टाचण्यांची उशी त्यांच्या मुलांनी पळवली. तेव्हाची खेळणी लाकडाची, पत्र्याची, चिनी मातीची. मुठीत दाबता येईल, कुशीत घेऊन झोपता येईल असं जनावर पोरांच्या हाती नव्यानेच आलं होतं. टाचण्या काढून ठेवल्या गेल्या आणि तू खेळणं झालास. मार्गारेटेचा भाऊ फ्रिट्झ तुझी पिशवी भरून जवळच्या हायडेनहाइमच्या बाजाराला गेला आणि मोकळी पिशवी घेऊन परतला, असं तुझ्या घरचे लोक सांगतात. १८८० हे तुझ्या कंपनीचं जन्मवर्ष मानतात. १८८६ पर्यंत वर्षाला पाच हजारांवर हत्ती जाऊ लागले होते. मग उंट, गाढव, माकड, डुक्कर, ससा, सगळी वरात. १८९२ मध्ये पहिली सचित्र सूची, पुढे लाइपझिगच्या जत्रेत दुकान.

आणि मग अस्वल. त्याची गोष्ट जगाला पाठ आहे, म्हणून थोडक्यात आटोपते. मला तुझ्या धाकट्या भावाचा तसा थोडा रागच आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलाला मारायला नकार दिला, त्यावर क्लिफर्ड बेरीमनने व्यंगचित्र काढलं, आणि ब्रुकलिनमधल्या मॉरिस मिक्टमने ‘टेडी’चं अस्वल दुकानात मांडलं. त्याच सुमारास मार्गारेटेचा भाचा रिशार्ड याने हातपाय हलणारं, ५५ सेंटिमीटरचं अस्वल तयार केलं. नाव कसलं, सामानाच्या यादीतला आकडाच: ५५ पीबी. १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने त्याच्या तीन हजार नगांची मागणी नोंदवली. १९०७ मध्ये कारखान्याने पावणेदहा लाखांच्या घरात अस्वलं काढली. त्या गर्दीत तुझ्याकडे कोण बघतो?

गंमत अशी की त्या पहिल्या तीन हजारांतलं एकही अस्वल आज कोणाकडे असल्याचं खात्रीने सांगता येत नाही. आणि तुझंही तसंच, हत्तुल्या. माझं हे पत्र मुळात त्यासाठीच आहे.

हे मला गिंगेनला जाईपर्यंत नीट उमगलं नव्हतं. आम्ही उल्मला गाडी बदलून गेलो. स्टेशनातून बाहेर पडलं की तुझं माहेर फार लांब नाही. कारखान्याची १९०३ ची काचेची इमारत अजून उभी आहे: लोखंडी सांगाडा आणि वरपासून खालपर्यंत काचच काच, शिवणाऱ्या बायकांना भरपूर उजेड मिळावा म्हणून. आत सगळ्या तरुण मुली बसलेल्या दिसायच्या, म्हणून गावातल्या टारगटांनी तिला ‘कुमारिकांचं मत्स्यालय’ असं नाव पाडलं होतं. आईने आयुष्यभर खिडकीपाशी मशीन ठेवण्यासाठी भांडण केलं, मला तिची आठवण झाली. २००५ मध्ये उघडलेलं संग्रहालय मोठं देखणं आहे, मुलांना रमवणारं. पण मी तिथे जिला भेटायला आले होते ती गोष्ट सापडली एका जाड चष्म्याच्या गृहस्थांपाशी. संग्राहक होते. भिंगातून माल बघत होते. लेक मध्ये दुभाषी.

मी विचारलं, “पहिल्या काळातला, १८८० चा हत्ती एखाद्याच्या माळ्यावर सापडला तर?”

ते हसले आणि स्वतःच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून दाखवली.

कानातलं बटण! तुझ्या घराण्याची ती ओळख १९०४ पासूनची. अस्वलाच्या नकला बाजारात येऊ लागल्या तेव्हा दुसरा भाचा फ्रांझ याने ही शक्कल काढली: प्रत्येक जनावराच्या डाव्या कानात धातूचं एक बटण ठोकायचं. आणि पहिल्या बटणावर चित्र कोणाचं? तुझं. सोंड उचललेला हत्ती. म्हणजे खुणेवर तू आहेस, पण तुझ्यावर खूण नाही. तू चोवीस वर्षं आधी जन्मलास.

त्या गृहस्थांनी मग माझा जो वर्ग घेतला तो आमच्या पैठणीच्या दुकानदारांच्या तोडीचा होता. हत्तीचं चित्र असलेलं बटण अगदी थोडा काळ चाललं, म्हणून ते आज दुर्मीळ. मग काही काळ कोरं बटण. मग नाव कोरलेलं, ज्यात शेवटच्या ‘एफ’ची शेपटी मागे वळून नावाखालून रेघ ओढते. बटणाखाली कापडी पट्टी: आधी पांढरी, विसाच्या दशकाच्या मध्यापासून लाल, तिसाच्या दशकात पिवळी. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षं अंगावर आणखी एक शिवलेली चिठ्ठी, हा माल अमेरिकेच्या ताब्यातल्या जर्मनीत झाला असं सांगणारी. पहिल्या महायुद्धानंतर लोकर मिळेना तेव्हा कागदाच्या धाग्याचं कापड वापरलं होतं, तेही बोटांना कळतं. जनावर उचलून कानाशी हलवायचं, दाबायचं: आत लाकडाचे केसासारखे बारीक धागे भरलेले असले तर कुरकुरतं. डोळे काळ्या बटणांचे की काचेचे ते बघायचं. शिवण उसवून पुन्हा घातली आहे का, तेही बघायचं. आणि बटण मूळचं की मागाहून ठोकलेलं, ते तर सगळ्यांत आधी. जुनी बटणं काढून नव्या मालाला लावणारे महाभाग तिथेही आहेत.

आणि कसर. नमदा म्हणजे लोकर, लोकर म्हणजे कसरीचं पंचपक्वान्न. तुझ्या पिढीतले किती कसरीने खाल्ले असतील, ते त्या कसरीलाच ठाऊक. त्या गृहस्थांच्या कोटाला डांबरगोळ्यांचा वास येत होता. हा गंध मला इतका घरचा की परदेशात आहे हे क्षणभर विसरले.

एकाच साच्यातली दोन जनावरं असतात. एकाचं बटण, पट्टी, गळ्यातली चिठ्ठी सगळं जागेवर, लोकर न झिजलेली, रंग न उडालेला. दुसऱ्याचा कान चघळलेला, पट्टी कोणत्या तरी आईने ‘टोचते’ म्हणून कात्रीने उडवलेली, पोट पोराच्या लाळेने कडक झालेलं. पहिल्याला किंमत, दुसऱ्याला जेमतेम. मी म्हटलं, म्हणजे ज्याच्याशी कोणी खेळलं नाही ते महाग? गृहस्थ म्हणाले, नेहमीच नाही, आणि त्यांनी ‘टेडी गर्ल’ची गोष्ट सांगितली. साधारण तुझ्या बटणाच्याच वयाचं अस्वल. एका ब्रिटिश कर्नलने ते बाळपणापासून मरेपर्यंत सांभाळलं. डिसेंबर १९९४ मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात एका जपानी गृहस्थाने, इझूच्या आपल्या टेडी-संग्रहालयासाठी, ते एक लाख दहा हजार पौंडांना घेतलं. ते काही कोरं करकरीत नव्हतं. आयुष्यभर हाताळलेलं होतं.

“मग?”

“त्याच्या मालकाबरोबरचे फोटो होते,” गृहस्थ म्हणाले. “सगळी हकीकत लेखी होती.”

मला हे पटायला वेळ लागला. मी आपली वापर एका बाजूला आणि किंमत दुसऱ्या बाजूला अशी मांडणी करून बसले होते, जरा गळा काढायच्या तयारीनेच. ते तसं नाही. बाजाराला जीव लावलेलंही चालतं, फक्त त्याचे कागद लागतात. सातबाऱ्यासारखं आहे हे. तीन पिढ्या कसता आहात ना, असू द्या. उताऱ्यावर नाव कुठाय? तुझ्या कानात बटण नाही, तुला कुशीत घेतलेल्या बाळाचा फोटो नाही, आणि १८७९ च्या मासिकातल्या नमुन्यावरून जर्मनीतल्या आणखी कितीतरी बायकांनी आपापल्या घरी हत्ती शिवले असतील, तेही हुबेहूब तुझ्यासारखे. उद्या माळ्यावर सापडलास तरी तू कोणाच्या हातचा, हे कोण सांगणार? बटणाच्या आधीचे सगळे आपले अनाथ.

यात माझं थोडं दुखणं मिसळलेलं आहे, ते कबूल करते. माझा खाकी हत्ती मी दहावीत असताना गेला. दिवाळीच्या आवराआवरीत आईने जुन्या कपड्यांचं गाठोडं बोहारणीपुढे टाकलं, त्यात तोही गेला. बोहारणीने दोन जुनेरी साड्या, वडिलांची पँट आणि हत्ती यांच्या बदल्यात झाकणाचा स्टीलचा डबा दिला. आईने घासाघीस केली तेव्हा बोहारीण हत्ती उचलून म्हणाली होती, “याचं काय येतंय मावशी? आतल्या चिंध्याबी कामाच्या नाहीत.” तो डबा अजून घरात आहे. त्यात मोहरी असते. फोडणी करताना कधीकधी मी त्याच्याकडे बघते आणि हिशेब मांडते: एक डबा, भागिले चार, म्हणजे हत्तीच्या वाट्याला झाकण आलं असावं.

मार्गारेटे ९ मे १९०९ रोजी गेली. एकसष्ट वर्षांची होती. तुझी किंमत वाढेल, तुझ्यासाठी लोक भिंग घेऊन बसतील, हे कधी तिच्या मनात आलं असेल असं मला वाटत नाही. ती माल नीट शिवला आहे की नाही ते बघायची.

परत निघताना मी तुझी नवी प्रत विकत घेतली. कंपनी आता तुझ्या जुन्या रूपाच्या मोजक्या प्रती काढते, क्रमांक घालून, दाखल्यासह. करडा नमदा, पाठीवर झूल, मुठीत मावेल एवढा. किंमत सांगत नाही; लेकीने दिली आणि मी रुपयांत बदलून बघितली नाही. खोक्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं: हे खेळणं नाही, प्रौढ संग्राहकांसाठी आहे. मी ते दोनदा वाचून घेतलं. एका सुयांच्या उशीला पोरांनी हट्टाने खेळणं केलं, आणि सव्वाशे-दीडशे वर्षांनी तिला खोक्यावर लिहून बजावावं लागतं की बाई, तू खेळणं नव्हेस. आणि या खेपेला मात्र कानात बटण आहे, चकचकीत पितळी रंगाचं. ज्याचं रूप घेतलं त्याच्या कानात नव्हतं, ते नकलेच्या कानात आहे!

मिरजेला गेले तेव्हा आईसमोर खोकं उघडलं. आई आता त्र्याऐंशी वर्षांची आहे, दिसतं कमी, पण बोटं शाबूत. तिने तुला हातात घेतलं. आधी पोट दाबलं. मग सोंडेवरून अंगठा फिरवला, टोकापासून कपाळापर्यंत, टाके मोजत असल्यासारखा. “वरनंच शिवलंय,” ती म्हणाली, “पण टाका एकसारखा आहे.” पोटाखालची शिवण नखाने चाचपली. सगळं पसंत पडलं असावं. मी तोवर तिला बटणाची थोरवी सांगत होते, १९०४, भाचा, लिलाव, पौंड.

तिचा अंगठा कानापाशी येऊन थांबला. बटण बाहेरून चाचपलं, आतून चाचपलं.

“हे कशाला ठेवलंय? पोराच्या तोंडात गेलं म्हणजे? कात्री आण इकडे.”

तुझी,
मिरजेची एक शिवणकरीण-कन्या